बारक्यासाठी भरलेली पिशवी

४ फेब्रुवारी

प्रिय बारक्या,

संपादक झालास, राजधानीत तुझ्या नावाची पाटी लागली, तरी घरच्या पत्रात तू बारक्याच. हरकत असल्यास तुझ्याच दैनिकात खुलासा छापावा. मी तो बाबांना मोठ्याने वाचून दाखवीन.

पत्राचं कारण गंभीर आहे. गेल्या आठवड्यापासून पहिल्या पानावरच्या सदरात तुझा फोटो वाढला आहे. पूर्वी तो टपालाच्या तिकिटाएवढा होता, आता त्यावर चहाची बशी मावते. (मी ठेवून पाहिली.) फोटो वाढला म्हणून लेखाची शेपटी आतल्या पानावर गेली, आतल्या पानावरचं हवामान खाली सरकलं, आणि या रेटारेटीत शब्दकोडं थेट निविदांच्या पानावर, ‘हरवले आहेत’च्या शेजारी जाऊन पडलं. विस्थापितांच्या प्रश्नावर तू इतके अग्रलेख लिहिलेस. हा एक निर्वासित तुझ्याच घरात तयार झालाय. शाळेत दिवसभर मुलांकडून संस्कृतची रूपं घोकून घेणाऱ्या माणसाचा एकुलता एक विरंगुळा तुझ्या हनुवटीने हिरावून घ्यावा, हे काही थोरल्या भावाशी वागणं नव्हे.

फोटो वाढल्याचं बाबांना सांगावंच लागलं. डोळे गेल्यापासून रोज सकाळी चहा झाला की खिडकीजवळच्या खुर्चीत ते बसतात, मी समोर स्टुलावर, आणि वर्तमानपत्राचं वाचन सुरू होतं. वाचन म्हणजे नुसतं वाचन नाही. जुना संपादक तो. बातमी काय आहे याआधी ती कुठे आहे ते सांगायचं. “पानाच्या घडीच्या वर की खाली?” “किती रकाने?” “शेजारी कोण बसलंय?” एखाद्या मंत्र्याचं भाषण घडीच्या खाली गेलेलं कळलं की त्यांचा दिवस चांगला जातो.

तर मी म्हटलं, “बारक्याचा फोटो मोठा केलाय.”

“कसा दिसतो?”

“हसतोय.”

“वाळलाय का?”

“नाही. उलट…”

“चष्मा?”

“नाही.”

“अजून लागला नाही!” आणि असे खूश झाले की जणू तू परीक्षेत पहिला आलास. “आईचे डोळे घेतलेत त्याने.”

“आणि मी?”

“तू माझे घेतलेस. भोग आता.”

एवढं बोलून त्यांनी चहाचा रिकामा कप माझ्यापुढे धरला. तुझ्या डोळ्यांचं कौतुक करायचं आणि कप मात्र मी विसळायचा, अशी आमच्याकडे कामाची वाटणी आहे.

रविवारी तुझा फोन येतो तेव्हा जेवण, झोप आणि गोळ्या यांच्यापलीकडे ते काही बोलत नाहीत, यावरून त्यांना तुझ्या लेखनात रस नाही असा ग्रह करून घेऊ नकोस. तुरुंगातून सुटल्यापासून फोनवर राजकारण बोलायचं नाही हा त्यांचा नेम आहे. फोन चोरून ऐकणारा केव्हाच निवृत्त होऊन नातवंडं खेळवत असेल, पण बाबांच्या मते तो अजून कान लावून बसलाय. ते राजकारण बोलतात ते माझ्याशी. म्हणजे तुझ्याविषयी, माझ्याशी.

शब्दकोड्याचं बघ.

तुझा,
निविदांच्या पानावर ढकललेला थोरला

२५ फेब्रुवारी

प्रिय बारक्या,

शब्दकोडं हललेलं नाही. तुझ्याकडून उत्तरही नाही. मी मात्र लिहिणार, कारण या खेपेला तक्रार नसून निवेदन आहे, आणि ते ऐकून तू रागावशील अशी मला थोडीशी आशा आहे.

तुमच्या समोरच्या इमारतीतल्या वर्तमानपत्राला सरकारने टाळं ठोकलं, तो दिवस आठवतोय ना? तुला खिडकीतून दिसलं असेल, आम्ही वाचलं. यापुढे प्रत्येक छापखान्याने दरवर्षी वर्तणुकीचा दाखला घ्यायचा, असा नियमही त्याच दिवशी आला. दुसऱ्या सकाळी तुझं सदर. मथळा: ‘शिस्तीची गरज’.

तुला ठाऊक नाही, कारण तू तेव्हा पाळण्यात होतास आणि मोठेपणी कधी विचारलं नाहीस. बाबांचं साप्ताहिक होतं तेव्हा त्या वेळच्या सरकारचा हुकूम निघाला होता, की प्रत्येक ओळ आधी अधिकाऱ्याला दाखवायची. बाबांनी अग्रलेखाची जागा कोरी सोडली आणि त्या कोऱ्या जागेखाली स्वतःचं नाव छापलं. अंक वाटून व्हायच्या आत त्यांना उचललं. तुरुंगातल्या जेवणघराच्या भिंतीवर हातभर अक्षरांत एकच शब्द रंगवलेला होता: शिस्त. पहिल्या आठवड्यात चष्मा फुटला, दुसरा बरोबर नव्हता, आणि वर्षभर त्यांना सगळं जग धूसर दिसलं, तो एक शब्द सोडून. तो तेवढा मोठा होता.

तर आता सांग, तो मथळा मी त्यांना कसा वाचून दाखवायचा?

मला खोकला आला. खरा. मग मी म्हटलं, “आज मथळा नुसता ‘गरज’ आहे.” पुढे तू लिहिलं होतंस की प्रत्येक देशाला केव्हा ना केव्हा शिस्तीचं कडू औषध घ्यावंच लागतं. माझे डोळे त्या ओळीवर होते आणि तोंडातून निघालं ते असं: “रोग्याला न विचारता औषध पाजलं जातं, त्या घरात डॉक्टरचं नाव विचारणं हाच पहिला गुन्हा ठरतो.”

बाबा म्हणाले, “वा.”

बारक्या, मी चोपन्न वर्षांचा आहे. या माणसाने मला आजवर “बरं”, “ठीक”, “चालेल” आणि एकदा, मी सुवर्णपदक घेऊन आलो तेव्हा, “ठेव तिथे” असं म्हटलंय. “वा” कधी नाही.

“पुन्हा वाच.”

आता आली का पंचाईत! छापलेलं वाक्य पुन्हा वाचता येतं. हे कुठून वाचू? कसंबसं जुळवलं. ते डोळे मिटून ऐकत राहिले आणि म्हणाले, “बारक्या मोठा झाला.”

स्वयंपाकघरातून माझी बायको डबा भरता भरता म्हणाली, “भावोजींनी आज फारच धाडस केलं म्हणायचं!” तिला ड्यूटीवर जायच्या घाईतही असल्या गोष्टींना वेळ मिळतो. दवाखान्यात चिठ्ठीवर लिहिलेलंच औषध देते ती. माझ्यासारखं मनाचं नाही.

त्यानंतरचे तुझे सगळे लेख मी असेच वाचले. तू सरकारची बाजू मांडायची, मी तुझ्याच तोंडून ती पाडायची. हल्ली आदल्या दिवशी तासिका रिकामी असली की दोनचार वाक्यं मनात तयारही करून ठेवतो. आणि बाबा रोज सकाळी तुला शाबासकी देतात.

माझ्याच वाक्यांसाठी मी तुझा हेवा करतोय. असा हेवा कोणत्या शास्त्रात बसतो मला माहीत नाही. ज्याने चोरी केली तोच मी, ज्याचं चोरीला गेलं तोही मीच, आणि माल तुझ्या घरी.

परवा फक्त एकदा त्यांनी तुझ्यात खोट काढली. “बारक्याची वाक्यं हल्ली लांबतात रे. क्रियापद येईपर्यंत माणूस म्हातारा होतो.” मला इतका आनंद झाला! मग लक्षात आलं की तेही माझंच.

तुझा,
बिनपगारी लेखनिक

१४ मार्च

प्रिय बारक्या,

तू रागावलास, असं तुझ्या गप्प राहण्यावरून धरून चालतो. रागाव. निदान एका बाबतीत तरी आपण बरोबरीत आलो.

इकडे शाळेत थोडी गडबड आहे. इतिहासाच्या बाईंना घरी बसवलंय. तू त्यांना ओळखत नाहीस. बारीक अंगाच्या, वर्गात शिरल्या की आधी खिडक्या उघडतात. त्यांनी नववीच्या वर्गात कोऱ्या अग्रलेखाची गोष्ट सांगितली. मुलांनी विचारलं, “हे खरंच घडलं?” बाई म्हणाल्या, “याच गावात.” कुणा पालकाने वर कळवलं. आता चौकशी समिती म्हणते की असं काही घडल्याची नोंद नाही, बाई मुलांना मनाच्या गोष्टी सांगून बिघडवतात. मुख्याध्यापक शिक्षकांच्या खोलीत येऊन सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, “आपापला विषय शिकवा, आणि आपापल्या घरी जा.” मी माझा विषय शिकवतो आणि माझ्या घरी जातो. दोन हजार वर्षांत माझ्या विषयातल्या कुणाला अटक झालेली नाही.

गुरुवारी बाई घरी येऊन गेल्या म्हणे. मी बाबांच्या गोळ्या आणायला गेलो होतो. परत आलो तेव्हा दोन कप तेवढे उरलेले.

“काय म्हणत होत्या?”

“चांगली मुलगी आहे,” बाबा म्हणाले. त्यांना खोदून विचारणं म्हणजे भिंतीत खिळा ठोकणं. वाकतो तो खिळाच.

पण खरी बातमी पुढेच आहे, आणि ती घडीच्या वरची आहे. शुक्रवारी सकाळी तुझं सदर (म्हणजे माझं) वाचून झालं, आणि बाबा म्हणाले, “कपाटावरची कापडी पिशवी काढ.”

“कशाला?”

“असलं लिहिणाऱ्याला नेतात. न्यायला येतात तेव्हा सामान भरायला वेळ देत नाहीत. मला दिला नव्हता.”

मी स्टुलावरून उठलोच नाही. “बाबा, आता तसं राहिलेलं नाही.”

“हो का? मग समोरच्या इमारतीला टाळं कसलं आहे?”

काढली पिशवी. तेव्हापासून रोज वाचन आटोपलं की पिशवी भरण्याचा कार्यक्रम चालतो. आधी साबण, वडी नवी नको, वापरलेली, नवी चोरीला जाते. मग टॉवेल, जाड नको, लवकर वाळला पाहिजे. मग पूर्ण बाह्यांचा लोकरी बनियन. बाजारातून आणला तर म्हणाले, “घालून दाखव.”

“मी?”

“बारक्याचं अंग तुझ्यासारखंच असेल ना आता. घाल.”

म्हणून मी भर दुपारी तुझा बनियन घालून उभा राहिलो आणि बाबांनी हातांनी खांदे चाचपले, पाठीवर शिवण सरळ केली, बाही मनगटापर्यंत ओढून पाहिली. किती वेळ चाचपत होते! मी लहानपणी तापलो तेव्हासुद्धा त्यांनी माझ्या कपाळावर एवढा वेळ हात ठेवल्याचं आठवत नाही. ‘असा उभा राहा, हलू नकोस,’ म्हणाले. मी हललो नाही. तुझ्या वतीने उभा होतो.

मग म्हणाले, “चष्म्याची जादा जोडी टाक.”

“कुठली?”

“तुझी जुनी टाक. काम भागेल.”

आता त्यांचं विसरणं वाढत चाललंय असं दिसतं. तुला चष्मा नाही याचं त्यांनीच एवढं कौतुक केलं होतं. पण कोण वाद घालतो, टाकली.

खरं सांगू? ती पिशवी खुंटीला लटकली आहे, आणि येता जाता माझा जीव तिच्यात अडकतो. लोक भावाच्या घराचा, गाडीचा, फार तर बायकोचा हेवा करतात. मी भावाच्या तुरुंगाच्या पिशवीचा हेवा करणारा पहिलाच असेन. मी सहलीला गेलो, परीक्षेला परगावी गेलो, नोकरीच्या पहिल्या दिवशी निघालो. माझ्यासाठी त्यांनी साधा रुमाल कधी घडी करून दिला नाही. तू एक ओळ त्यांच्या मनासारखी लिहिलेली नाहीस, आणि तुझ्यासाठी ते वापरलेला साबण निवडतात!

तुझा,
मापापुरता उभा राहिलेला दादा

२ एप्रिल

बारक्या,

तुझा निरोप मिळाला. इतक्या पत्रांना मिळून चार ओळी, पण चारही महत्त्वाच्या. सरकारने तुला वृत्तपत्र सल्लागार नेमलंय. रविवारी तू येतोयस. बरोबर छायाचित्रकार असेल. बाबांचा आशीर्वाद घेतानाचा फोटो हवा आहे, कारण ‘जुन्या लढ्याचा वारसा’ असा मथळा ठरलाय. मी वाचून दाखवताना मजकुराला हात लावतो म्हणून मला नावं ठेवू नकोस. तू तर अख्खा बापच नव्याने मांडायला निघालायस.

हे असं तोडून लिहायचं ठरवलं नव्हतं. गमतीत लिहायला बसलो होतो. राहू दे.

तू येणार हे बाबांना सांगितलं. ते म्हणाले, “येऊ दे.” एवढंच. मला वाटलं होतं खुर्चीतून उठतील. मग मी बायकोला म्हटलं, “रविवारी बाबा त्याच्या हातात पिशवी देणार आणि तो उघडा पडणार. त्याच्याबरोबर मीही.”

ती गोळ्या दिवसांप्रमाणे लावत होती. मान वर न करता म्हणाली, “भावोजींना चष्मा कधी लागला हो?”

“लागलेला नाही. बाबा विसरले.”

“बाबा? मागच्या वर्षी कोणत्या सोमवारी डाळ खारट झाली होती ते सांगतात ते.” मग माझ्याकडे पाहिलं. “आणि खोकल्याच्या गोळ्या कुणासाठी मागून घेतल्या त्यांनी माझ्याकडून?”

मी जाऊन पिशवी उतरवली. बनियन माझ्या मापाचा. चष्मा माझा. साबण माझा, न्हाणीघरातून उचललेला. तळाला खोकल्याच्या गोळ्यांचं पाकीट. तुझा मथळा वाचताना मला खोकला येतो. आणि पिशवी भरायला सुरुवात झाली ती बाई येऊन गेल्याच्या दुसऱ्या दिवशी.

बाई कशाला आल्या होत्या ते मागच्या पत्रात मी लिहिलं नाही. सोमवारी समितीपुढे त्यांना साक्षीदार हवा आहे. कोरा अग्रलेख घडला, तो माणूस नेला गेला, त्याच्या घरी असं असं झालं, हे सांगणारा. बाबांना जिने चढवत नाहीत, आणि समितीने आधीच म्हणून ठेवलंय की वयोवृद्धांची स्मृती ग्राह्य धरणार नाही. राहिलो मी. मी तेव्हा चार वर्षांचा होतो, दारात उभा होतो. खाली पडलेला जादा चष्म्याचा डबा हातात घेऊन त्या गाडीमागे धावलेला मीच. बाईंनी शाळेत मला आधीच दोनदा विचारलं होतं. दोन्ही वेळा मी म्हणालो, “बघतो.”

आज सकाळी वाचायला बसलो. तुझं सदर आलं. मी घसा खाकरला, कालपासून तयार ठेवलेलं वाक्य पुढे ओढलं, आणि बाबा म्हणाले,

“आज त्याचंच वाच.”

“म्हणजे?”

“त्याने लिहिलंय ते. जसं आहे तसं.”

मी वाचलं, मथळ्यापासून शेवटपर्यंत. वर्तणुकीच्या दाखल्याने पत्रकारितेची प्रतिष्ठा कशी वाढेल, ते. बाबांनी एकदाही अडवलं नाही. संपल्यावर त्यांनी तोंड खिडकीकडे वळवलं. मला वाटलं, आता तुझ्या नावाने काहीतरी तुटेल. मी वाटच पाहत होतो म्हण ना.

“फोटोत वाळलाय का रे?” त्यांनी विचारलं.

ऐकतोयस का, बारक्या? म्हणजे पहिल्या दिवसापासून त्यांना कळत होतं. तुझं काय आणि माझं काय, हे त्यांच्या कानाला वेगळं ऐकू येत होतं. तू काय लिहितोस हे ठाऊक असूनही ते रोज तुझी तब्येत विचारत होते. आणि ते “वा” माझं होतं. माझं होतं आणि तुझ्या नावावर देत होते, कारण माझ्या नावावर दिलं असतं तर मी तिथेच वाचन थांबवलं असतं, हेही त्यांना ठाऊक होतं.

मी विचारलं, “बाबा, पिशवी कुणाची आहे?”

“ज्याला लागेल त्याची,” ते म्हणाले, आणि रिकामा कप पुढे धरला.

तर रविवारी ये. फोटो काढ. बाबा तुझ्या डोक्यावर हात ठेवतील. तो हात तुला हवा तसा छाप, घडीच्या वर छाप. त्याचाही हेवा करीन मी, सवय झाली आहे. खुंटीकडे मात्र बघू नकोस. ती पिशवी तुझी नाही. इतके दिवस मी जिच्यासाठी जळत होतो ती माझ्याच मापाची निघाली, आणि आता ती तुझीच असती तर बरं, असं मला वाटतंय.

तुझ्या फोटोची, शब्दकोड्याची, कुणाच्याच शाबासकीची मला काळजी नाही. तुझ्या नावाआड बसून मी फार शूर वाक्यं बोललो. सोमवारी सकाळी अकरा वाजता समितीपुढे उभं राहून माझ्या नावाने एकच साधं वाक्य बोलायचं आहे: हे खरं आहे, मी तिथे होतो. कालपासून ते एकटाच म्हणून पाहतोय. अर्ध्यावर खोकला येतो.

मी जाईन की नाही, मला माहीत नाही. मला भीती वाटते.

दादा